प्रवेश आणि सहवास : अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री-गणितज्ञांचा इतिहास

ओक्लाहोमा विद्यापीठास १९४८ साली न्यायालयाच्या आदेशामुळे जॉर्ज मॅक्‌लॉरिन नावाच्या एका कृष्णवर्णीय अध्यापकास प्रवेश द्यावा लागला. शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. विद्यापीठाने प्रवेश दिला. परंतु वर्गात नव्हे, वर्गाला लागून असलेल्या एका खोलीत त्यांचे आसन मांडले. व्याख्यान त्यांनी तेथूनच ऐकावयाचे होते. ग्रंथालयात त्यांच्यासाठी माळ्यावर वेगळे मेज ठेवण्यात आले व मुख्य वाचनकक्षात बसण्यास मनाई करण्यात आली. उपाहारगृहात मेज निराळे, आणि जेवणाची वेळही निराळी. मॅक्‌लॉरिन पुन्हा न्यायालयात गेले. ५ जून १९५० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अशा निर्बंधांमुळे अभ्यास करण्याची, सहाध्यायांशी चर्चा करण्याची आणि आपला व्यवसाय आत्मसात करण्याची विद्यार्थ्याची क्षमता खुंटते, असे त्या निकालाचे सार आहे. मात्र त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट मान्य केली होती. निर्बंध उठल्यानंतरही इतर विद्यार्थी या माणसाशी मिळून मिसळून वागतीलच असे नाही. परंतु राज्याने आडवे येणे वेगळे आणि व्यक्तींनी स्वतःहून दूर राहणे वेगळे. पहिल्याचा बंदोबस्त कायदा करू शकतो, दुसऱ्याचा नाही.

आमच्या मते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचा पुढील सर्व इतिहास या दोन वाक्यांमधल्या जागेत घडलेला आहे. प्रवेश ही एक गोष्ट होय आणि सहवास ही दुसरी. पहिली गोष्ट न्यायालयांनी, मोर्च्यांनी व कायद्यांनी मिळवून दिली, आणि तिचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. दुसरी गोष्ट कोणी, कशी आणि कोणती किंमत देऊन उभी केली, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या गोष्टीचा मागोवा घेणार आहोत, आणि तोही एका लहान क्षेत्रापुरता : गणितात डॉक्टरेट मिळविणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा.

गणित हे क्षेत्र आम्ही मुद्दाम निवडले आहे. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, कागद व पेन्सिल असली की पुरे, तेव्हा एकट्याने बसून करावयाची ही विद्या आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुस्थिती तशी नाही. संशोधनाच्या पायरीवर आलेला विद्यार्थी पुस्तकापेक्षा माणसांकडून अधिक शिकतो. कोणता प्रश्न हाती घेण्याजोगा आहे, कोणत्या वाटेने पूर्वी कोण जाऊन फसला, अर्धवट सुचलेली सिद्धता कोणापुढे मांडावी, हे सारे फळ्याजवळ, कॉफीच्या मेजावर, परिषदेच्या जेवणात कळत असते. जो या बैठकीबाहेर राहिला त्याच्या हाती पुस्तक उरते. विद्या अर्धीच उरते.

आता या परंपरेच्या आरंभाकडे वळू. अमेरिकेत गणिताची डॉक्टरेट मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे युफेमिया लॉफ्टन हेन्स. त्यांचा जन्म १८९० सालचा, वॉशिंग्टन शहरातला. तेथील कृष्णवर्णीयांसाठीच्या एम स्ट्रीट हायस्कूलमधून त्या बाहेर पडल्या, १९१४ मध्ये स्मिथ महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या आणि १९४३ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, वॉशिंग्टनच्या कॅथॉलिक विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. सुमारे ४७ वर्षे त्यांनी शहरातील शाळांत अध्यापन केले आणि पुढे शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्षपदही भूषविले. इतके असूनही पुढे पुष्कळ वर्षे, पहिली कृष्णवर्णीय स्त्री-गणितज्ञ म्हणून नाव घेतले जाई ते त्यांचे नव्हे. १९४९ मध्ये येल विद्यापीठात डॉक्टरेट मिळविणाऱ्या एव्हलिन बॉइड यांचे, आणि त्यांच्या जोडीला त्याच सुमारास मिशिगन विद्यापीठातून पदवी घेणाऱ्या मार्जरी ली ब्राऊन यांचे. हेन्स यांची पदवी उशिराने ध्यानात आली. 'पहिली कोण' या प्रश्नाचे आम्हास फारसे अगत्य नाही. अशा याद्यांनी इतिहासाचे नुकसानच अधिक केले आहे. परंतु पहिल्या स्त्रीचे नावच मागाहून येणाऱ्यांना ठाऊक नसावे, यावरून त्या काळी या स्त्रियांमध्ये परस्परांची वार्ता पोहोचविणारे कोणतेही मंडळ नव्हते, एवढे निश्चित दिसते.

आणि तरीही एक अदृश्य धागा होता. एव्हलिन बॉइड (विवाहानंतर ग्रॅनव्हिल) यांचा जन्म १ मे १९२४ रोजी वॉशिंग्टनमध्येच झाला. एम स्ट्रीट शाळेचेच पुढे डनबार हायस्कूल असे नामांतर झाले होते. तेथे त्या शिकल्या, व तेथून स्मिथ महाविद्यालयात गेल्या. म्हणजे हेन्स ज्या वाटेने गेल्या तीच ही वाट, ३१ वर्षांनंतरची. डनबार शाळेची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. देशातील नामांकित विद्यापीठांतून उत्तम पदव्या घेतलेले कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष या शाळेत मुलांना शिकवीत असत, कारण त्यांच्या योग्यतेच्या अन्य जागा त्यांना बंद होत्या. बॉइड यांच्या गणित-शिक्षिका मेरी क्रॉमवेल यांच्या भगिनी ओटेलिया क्रॉमवेल या १९०० मध्ये स्मिथ महाविद्यालयाच्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधर झाल्या होत्या. अशा शाळेतील मुलीला स्मिथ हे नाव परके वाटले नसल्यास नवल नाही. पैशाची अडचण होती. ती मावशीने काही अंशी निभावून नेली.

येलमध्ये आयनार हिल या विख्यात विश्लेषकाच्या मार्गदर्शनाखाली बॉइड यांनी प्रबंध पूर्ण केला. न्यूयॉर्कमध्ये एक वर्ष काढल्यावर १९५० साली त्या नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात अध्यापनासाठी रुजू झाल्या. यादवी युद्धानंतर १८६६ मध्ये, नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी फिस्कची स्थापना झाली. आमच्या वाचकांना या संस्थेशी एक निराळे नाते जाणवावे. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र पाठवून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निवेदनाची चौकशी केली होती, ते डु बॉईस याच फिस्कचे १८८८ चे पदवीधर होत.

बॉइड फिस्कमध्ये अवघी दोन वर्षे राहिल्या, १९५० ते १९५२. एखाद्या चरित्रकाराने ही दोन वर्षे एका ओळीत संपविली असती, कारण त्यांची पुढील कारकीर्द अधिक नेत्रदीपक आहे : १९५६ पासून आय. बी. एम. कंपनीत व्हॅनगार्ड आणि मर्क्युरी या अवकाश-प्रकल्पांसाठी कक्षांची गणिते, त्यानंतर कॅलिफोर्नियातील प्राध्यापकी. आमच्या दृष्टीने मात्र ती दोन वर्षेच अधिक महत्त्वाची. त्या काळात फिस्कमध्ये दोन विद्यार्थिनी शिकत होत्या. टेक्सासमधील वेको गावची व्हिव्हियन मॅलोन, आणि मिसिसिपीतील टुपेलो गावची एटा झूबर. गणितात डॉक्टरेट मिळविता येते, हे त्यांनी कोणा गोऱ्या प्राध्यापकाकडून ऐकले असते तर ते वाक्य कानावरून गेले असते. येथे डॉक्टरेट मिळविलेली, आपल्याच वर्णाची, पंचविशी नुकतीच ओलांडलेली स्त्री फळ्यापाशी उभी होती. दोघींनीही पुढे गणितात डॉक्टरेट मिळविली आणि दोघींनीही बॉइड यांचे ऋण मान्य केले.

त्याच वर्षी, म्हणजे १९५० मध्ये, ली लॉर्च नावाचे गोरे गणितज्ञ फिस्कच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. वंशभेदाला उघड विरोध केल्यामुळे त्यांना याआधीही नोकरीस मुकावे लागले होते. १९५१ मध्ये अमेरिकेच्या गणित संघटनेच्या आग्नेय विभागाची सभा नॅशव्हिल येथेच भरली. लॉर्च आपल्या तीन कृष्णवर्णीय सहकाऱ्यांसह सभेस गेले. त्यांत एव्हलिन बॉइड होत्या. सभेत बसण्यास प्रत्यवाय नव्हता. परंतु सभेच्या भोजनाची तिकिटे कृष्णवर्णीयांना देता येणार नाहीत, असे सांगण्यात आले. आपल्याकडे ज्याला पंक्तिभेद म्हणतात तोच हा प्रकार. येलची डॉक्टरेट व्याख्यानाच्या खोलीपर्यंत चालली, पानापर्यंत चालली नाही. लॉर्च व त्यांचे सहकारी स्वस्थ बसले नाहीत. गणिताच्या दोन्ही राष्ट्रीय संघटनांना त्यांनी लेखी निवेदन पाठवून, वंशभेदास प्रतिबंध करणारे कलम नियमावलीत घालण्याची मागणी केली. तसे कलम घातले गेले नाही. परंतु भेदभाव न पाळण्याचे धोरण या प्रकरणानंतर ठरले. जेवणाच्या तिकिटासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणारे त्या काळीही असतील. ज्यांना पंगतीतून उठविले जाण्याचा अनुभव आहे, त्यांना हा प्रश्न पडणार नाही.

लॉर्च यांच्या वाट्यास पुढे जे आले तेही नोंदविले पाहिजे. १९५४ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी ग्रेस यांनी आपल्या मुलीस कृष्णवर्णीयांच्या शाळेत घालण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्यांना पाचारण झाले. राजकीय मतांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास त्यांनी नकार दिला, आणि १९५५ मध्ये फिस्कमधील त्यांची नोकरी संपली. १९५७ मध्ये लिट्ल रॉक येथे शाळेबाहेरील क्षुब्ध जमावातून एलिझाबेथ एकफर्ड या कृष्णवर्णीय मुलीस हात धरून बाहेर काढणाऱ्या ग्रेस लॉर्च त्या ह्याच. अखेरीस हे कुटुंब कॅनडात गेले. परंतु फिस्कमधील पाच वर्षांत त्यांनी केलेले एक काम गाजावाजा न होताही टिकले. ग्लोरिया कॉनयर्स (पुढे ह्युइट) या विद्यार्थिनीला न सांगताच त्यांनी तिची शिफारस विद्यापीठांकडे केली. अर्ज न करताच तिला वॉशिंग्टन विद्यापीठाची शिष्यवृत्ती देऊ करण्यात आली. तिने १९६२ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि माँटॅना विद्यापीठात अध्यापन करीत १९९५ मध्ये विभागप्रमुखपद मिळविले. गोऱ्या मुलांसाठी अशी शिफारसपत्रे पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जात होती. त्यासाठी वेगळे धोरण कधी लागले नव्हते. लॉर्च यांनी तीच रीत फिस्कच्या मुलीसाठी चालविली, एवढेच.

व्हिव्हियन मॅलोन-मेझ यांची कथा अधिक कष्टाची आहे. फिस्कमधून १९५२ मध्ये पदवी व १९५४ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन त्या वेकोला परतल्या आणि कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत शिकवू लागल्या. १९६१ मध्ये गावातच असलेल्या बेलर विद्यापीठात त्यांनी काही अभ्यासक्रमांसाठी अर्ज केला. वर्णाचे कारण देऊन तो नाकारण्यात आला. न्यायालयाच्या निकालांमुळे ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ मात्र कृष्णवर्णीयांना नाकारू शकत नव्हते. तेथे त्या दाखल झाल्या. वर्गात त्या एकट्याच कृष्णवर्णीय होत्या आणि एकट्याच स्त्री. हे सर्व त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. सुरुवातीस सहाध्यायी त्यांच्याकडे पाहतही नसत. त्या जवळ आल्या की चाललेले बोलणे थांबे. आर. एल. मूर या तेथील ख्यातकीर्त गणितज्ञाच्या वर्गात त्यांना बसता आले नाही, कारण ते कृष्णवर्णीयांना शिकवीत नसत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणारी साहाय्यक अध्यापकाची जागाही त्यांना मिळू शकली नाही. आणि सर्वांत मार्मिक गोष्ट ही की, प्राध्यापक व विद्यार्थी ज्या कॉफीगृहात बसून प्रमेयांची चर्चा करीत, तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ते कॉफीगृह खाजगी मालकीचे होते; विद्यापीठाच्या कोणत्याही नियमाचा भंग त्यात होत नव्हता! तेव्हा सहाध्यायी आत प्रमेयांवर बोलत, आणि मॅलोन-मेझ बाहेर निदर्शकांच्या रांगेत उभ्या राहत.

१९५० च्या निकालात न्यायालयाने जी गोष्ट कायद्याच्या हाताबाहेरची मानली होती, ती हीच. मॅक्‌लॉरिन यांचे वेगळे मेज विद्यापीठाने मांडले होते. मॅलोन-मेझ यांना कोणी वेगळे मेज दिले नाही, त्यांना मेजच नव्हते. १९६६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. ज्या बेलर विद्यापीठाने पाच वर्षांपूर्वी विद्यार्थिनी म्हणून त्यांना नाकारले होते, त्यानेच त्या वर्षी प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक केली. त्या तेथील पहिल्या कृष्णवर्णीय प्राध्यापक होत. १९७१ मध्ये विद्यार्थ्यांच्या मंडळाने उत्कृष्ट अध्यापक म्हणून त्यांचा गौरव केला. ही हकीकत सांगताना बहुतेक जण येथे समाधानाने थांबतात. आम्हास मात्र त्यांनी मागे वळून लिहिलेले स्मरते. कृष्णवर्णीय स्त्रीने त्या काळी डॉक्टरेटचा ताण सोसावयाचा तर विद्येवर जवळजवळ अमर्याद श्रद्धा असावी लागे, अशा आशयाचे ते उद्गार आहेत. विद्येवर सामान्य श्रद्धा असलेल्या कितीजणी परत फिरल्या, हे कोणत्याही यादीत नाही.

अशी परत फिरलेली एक विद्यार्थिनी इतिहासाला ठाऊक आहे, कारण ती पुन्हा आली. एटा झूबर यांनी १९५३ मध्ये फिस्कची पदवी घेतली आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात प्रवेश मिळविला. उत्तरेकडील विद्यापीठ, तेथे वेगळी मेजे नव्हती, पाट्या नव्हत्या. तरीही एका वर्षात पदव्युत्तर पदवी घेऊन त्या मिसिसिपीला परतल्या व एका लहान कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागल्या. त्यांना विस्कॉन्सिनमध्ये एकाकी वाटले होते. बुद्धी कमी पडली नव्हती, प्रवेश नाकारला गेला नव्हता. बोलावयास कोणी नव्हते. विवाह झाला, त्या एटा झूबर फाल्कनर झाल्या, मुले झाली. १९६५ मध्ये त्या अटलांटा येथील स्पेलमन महाविद्यालयात अध्यापक म्हणून आल्या, आणि नोकरी व संसार सांभाळून एमरी विद्यापीठात त्यांनी संशोधन सुरू केले. १९६९ मध्ये त्यांना बीजगणितातील प्रबंधावर डॉक्टरेट मिळाली. विस्कॉन्सिन सोडल्यापासून १५ वर्षे लोटली होती. या १५ वर्षांचा हिशेब त्या विसरल्या नाहीत, असे त्यांच्या पुढील कार्यावरून आम्हास वाटते.

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो आणि त्यास बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डनबार, फिस्क, स्पेलमन या सर्व संस्था वंशभेदाने निर्माण केलेल्या विभक्त जगातील होत. व्हर्जिनियातील लँगली येथील विमानविद्येच्या संशोधन केंद्रातही १९४३ पासून कृष्णवर्णीय स्त्री-गणनिकांचा स्वतंत्र 'वेस्ट' विभाग होता. १९४९ मध्ये डोरोथी व्हॉन त्याच्या प्रमुख झाल्या. कॅथरीन जॉन्सन यांनी तेथूनच आरंभ केला. २०१६ च्या चित्रपटामुळे ही कथा जगभर पोहोचली. उपाहारगृहात त्यांच्या मेजावर वर्णदर्शक पाटी असे. मिरियम मान नावाच्या गणनिकेने ती उचलून पर्समध्ये टाकली, पुन्हा ठेवली गेली तर पुन्हा टाकली. वंशभेदाने या स्त्रियांना एका खोलीत कोंडले, आणि त्या खोलीत त्यांनी एकमेकींना शिकविले, सांभाळले. १९५८ मध्ये नासाच्या स्थापनेबरोबर तो विभाग विसर्जित झाला. तेव्हा प्रश्न असा की, विभक्ततेने जो सहवास दिला तो एकत्रीकरणाने हिरावून घेतला काय?

काही अभ्यासकांच्या लेखनात विभक्त संस्थांविषयी हळवेपणा आढळतो. आम्ही त्यात सहभागी नाही. डनबारचे शिक्षक विद्वान होते, कारण त्यांना विद्यापीठांत जागा नव्हत्या. ही काही अभिमानाने मिरविण्याची गोष्ट नव्हे. लँगलीच्या त्या खोलीत आपुलकी होती, तसेच बढतीला छतही होते. परंतु एकत्रीकरणाच्या नावाखाली एकेका मुलीला एकेका विद्यापीठात सोडून देणे, आणि ती टिकली नाही तर दोष तिच्या बुद्धीचा मानणे, यालाही आम्ही न्याय म्हणू शकत नाही. फाल्कनर यांचे मोठेपण असे की त्यांनी या दोहोंपैकी एकाची निवड केली नाही. स्पेलमनमधला सहवास त्यांनी विद्यार्थिनीला ठेवून घेण्यासाठी वापरला नाही. बाहेर पाठविण्यासाठी वापरला.

स्पेलमन ही १८८१ मध्ये एका चर्चच्या तळघरात सुरू झालेली, कृष्णवर्णीय स्त्रियांसाठीची संस्था. तेथील मुलींनी शिक्षिका व्हावे, ही जुनी रूढी. विज्ञानशाखेच्या उभारणीस आरंभ केला तो शर्ली मॅकबे यांनी. १९६६ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाकडून डॉक्टरेट मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती त्याच. एक वर्ष अन्यत्र काढून १९७२ मध्ये फाल्कनर गणित विभागाच्या प्रमुख म्हणून परतल्या आणि २००२ मध्ये निधन होईपर्यंत संस्थेशी निगडित राहिल्या. त्यांनी जे केले ते वरवर पाहता साधे आहे. महाविद्यालयात येण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात मुलींना बोलावून विज्ञान-गणिताचे वर्ग घेतले, त्यामुळे पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या तेव्हा परस्परांना ओळखत होत्या. पदवीच्या विद्यार्थिनींना संशोधनाची कामे दिली व ती सर्वांपुढे मांडावयास लावली. १९८७ मध्ये नासाच्या साहाय्याने शिष्यवृत्तींची योजना सुरू केली. आणि संशोधनासाठी बाहेरच्या विद्यापीठात जाणाऱ्या मुलीशी तिच्या पदवीनंतरही संबंध ठेवला. विस्कॉन्सिनमध्ये १९५३ साली जे जे नव्हते, ते ते यात आहे. अमेरिकेतील विज्ञान-अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळविणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी पहिली पदवी कोठे घेतली, याची जी गणना राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान करते, तीत स्पेलमन हे लहानसे महाविद्यालय मोठमोठ्या विद्यापीठांना मागे टाकून अग्रभागी असते.

व्यक्तींच्या या प्रयत्नांना शब्द मिळाला तो १९७५ मध्ये. त्याआधी कृष्णवर्णीय गणितज्ञांची संघटना १९६९ मध्ये आणि स्त्री-गणितज्ञांची १९७१ मध्ये स्थापन झाली होती. पहिलीच्या स्थापनेत फाल्कनर होत्या, दुसरीच्या कार्यकारिणीत मॅलोन-मेझ होत्या. परंतु एका ठिकाणी स्त्री म्हणून आणि दुसऱ्या ठिकाणी कृष्णवर्णीय म्हणून संख्येने अल्पच, ही स्थिती राहिली. डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान-विकास संघटनेने वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियातील एअरली हाऊस येथे ३० गौरेतर स्त्री-वैज्ञानिकांना एकत्र बोलाविले. त्यांत कृष्णवर्णीय होत्या, तशाच मेक्सिकन व प्वेर्तो रिकन वंशाच्या, आणि अमेरिकेतील आदिवासी जमातींच्याही स्त्रिया होत्या. शर्ली मॅलकम, पॉला क्विक हॉल व जॅनेट वेल्श ब्राऊन यांनी लिहिलेला या बैठकीचा अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्ण आणि लिंग या दोन बंधनांची ही दुहेरी गाठ आहे, असा त्याचा आशय. वंशासाठीच्या योजना पुरुषांना डोळ्यांपुढे ठेवून आखल्या जातात, स्त्रियांसाठीच्या गोऱ्या स्त्रियांना. मधली स्त्री दोन्ही तक्त्यांतून गळते. अहवालाने हेही दाखविले की यांतील अनेकींना लहानपणी वर्णाचा अडथळा अधिक जाणवला, तर व्यवसायात वर चढू लागल्यावर स्त्री असण्याचा. परस्परांशी संपर्क ठेवणारे जाळे उभारावे, ही बैठकीतील एक मागणी होती, आणि पुढे तसे एक जाळे उभेही राहिले. आमच्या दृष्टीने अहवालातील शिफारशींहूनही, त्या ३० जणी एका छताखाली जमल्या हीच त्या वर्षाची मोठी घटना होय.

यानंतरचा धागा पुन्हा स्पेलमनकडे येतो. १९७४ मध्ये फाल्कनर यांच्या विभागात सिल्व्हिया बोझमन नावाच्या तरुण अध्यापिका रुजू झाल्या. फाल्कनर यांच्याप्रमाणेच त्यांनी नोकरी सांभाळून एमरी विद्यापीठात संशोधन केले आणि १९८० मध्ये डॉक्टरेट मिळविली. १९९८ मध्ये बोझमन व ब्रिन मॉर महाविद्यालयातील ऱ्होंडा ह्यूज यांनी मिळून 'एज' या नावाचा उपक्रम सुरू केला. पदवी घेतलेल्या आणि डॉक्टरेटसाठी पहिल्यांदाच मोठ्या विद्यापीठात जाणाऱ्या स्त्रिया, विशेषतः अल्पसंख्य समाजांतील, जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात सुमारे चार आठवडे एकत्र राहतात. विश्लेषण व बीजगणित यांचा कसून अभ्यास होतो. अडलेले गणित रात्री वसतिगृहात चौघींत मिळून सोडविले जाते. उन्हाळा संपला की त्या निरनिराळ्या राज्यांत पांगतात, तेव्हा प्रत्येकीजवळ बरोबरीच्यांचे पत्ते असतात व पहिल्या वर्षी विचारपूस करणारी एक वडीलधारी गणितज्ञ असते. या वाटेने गेलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांनी आजवर डॉक्टरेट मिळविली आहे. डॉक्टरेटच्या पहिल्या वर्षातच गळती सर्वाधिक होते, हे विभागप्रमुखांना पूर्वीही ठाऊक होते. ती बुद्धीची चाळणी आहे, असे ते समजत.

एव्हलिन बॉइड ग्रॅनव्हिल यांचे निधन २७ जून २०२३ रोजी झाले. त्या ९९ वर्षांच्या होत्या. दोनच दिवसांनी, २९ जून रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई करणारा निकाल दिला. प्रवेशाचे भांडण अशा रीतीने पुन्हा न्यायालयाच्या दारात आले आहे. फिस्कमधील त्यांच्या दोन विद्यार्थिनी त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या : मॅलोन-मेझ १९९५ मध्ये, फाल्कनर २००२ मध्ये. स्त्री-गणितज्ञांच्या संघटनेचे एक वार्षिक व्याख्यान आता फाल्कनर यांच्या नावे दिले जाते. 'एज'च्या उन्हाळी वर्गात पूर्वी विद्यार्थिनी म्हणून येऊन गेलेल्यांपैकी कित्येक जणी डॉक्टरेट झाल्यावर त्याच वर्गावर शिकवावयास येतात.